कुपवाड : नागरी निवास

कुपवाड हे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील औद्योगिक उपनगर सांगली व मिरज या शहरांलगत वसले आहे. ही दोन्ही शहरे पटवर्धन संस्थानिकांच्या राजधान्या होत्या. त्यांच्या जुन्या पेठांत वाडे, दुकाने व देवळे दाटीने असल्याने नित्याचे व्यवहार पायीच होत. पुढे काही वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, तरी ही सोय टिकली. कुपवाडची वाढ निराळी झाली. औद्योगिक क्षेत्रामुळे कामगारवस्ती वाढली व शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून त्यांवर स्वतंत्र घरे उभी राहिली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास यामुळे स्वतःचे घर लाभले. परंतु रस्ते, गटारे व नळपाणी यांची तरतूद आधी झालेली नव्हती. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज व कुपवाड यांची संयुक्त महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी घरे विकासशुल्क आकारून नियमित करण्याची सोय केली. मात्र २००५, २०१९ व २०२१ साली कृष्णेचा पूर सांगलीच्या जुन्या वस्तीत शिरला. त्यामुळे बाजाराजवळची सदनिका की नदीपासून दूरचे घर, हा प्रश्न येथे केवळ सोयीचा नसून सुरक्षिततेचाही आहे.