साडेदहा पौंडांची नौका

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ, अरण्यमय प्रदेश आहे. असंख्य सरोवरे, त्यांना जोडणाऱ्या नद्या, आणि दोन पाण्यांच्या मध्ये दाट जंगल, असे त्याचे रूप. एकोणिसाव्या शतकात येथे रस्ते थोडेच होते. प्रवास करायचा तो होडीतून. एक सरोवर संपले, की होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर घ्यायची, जंगलातील पायवाट तुडवायची आणि पुढच्या पाण्यात ती पुन्हा सोडायची. अशा वाटेला तिकडे 'कॅरी' म्हणतात. कॅरी म्हणजे वाहून नेणे. पाण्यात होडीने माणसाला वाहायचे आणि जमिनीवर माणसाने होडीला, असा हा सरळ व्यवहार होता.

१८६९ मध्ये विल्यम मरे नावाच्या एका धर्मोपदेशकाने या अरण्याचे रसाळ वर्णन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि शहरातील हौशी लोकांची तेथे रीघ लागली. मासेमारी करावी, शिकार करावी, मोकळी हवा खावी, अशी सर्वांची इच्छा. परंतु तिकडच्या वल्हवायच्या होड्या साठ-सत्तर पौंड वजनाच्या. त्या उचलायच्या कोणी? त्यासाठी रोजंदारीवर वाटाड्या ठेवावा लागे. वाटाड्याने होडी वल्हवायची, तीच डोक्यावर घेऊन चालायचे, रात्री तळ ठोकायचा आणि स्वयंपाकही करायचा. ज्याच्या खिशात पैसा त्याचे अरण्य, असा एकूण प्रकार झाला.

हा प्रकार एका चांभाराला मानवेना. त्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधला. लहानपणी त्याला गिरणीत कामाला धाडले होते. पण त्याचे मन रमले ते एका आदिवासी माणसाच्या सहवासात. त्याच्याकडून तो रान वाचायला शिकला आणि पुढे लेखक म्हणून त्याचेच 'नेसमक' हे नाव त्याने लावले. तरुणपणी तो देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला, पुढे ब्राझीलपर्यंत भटकला, आणि पोटासाठी पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो गावी जोडे शिवत राहिला. साठीला पोचला तेव्हा अंगावर जेमतेम शंभर-एकशेदहा पौंड मांस आणि छातीत क्षय.

क्षयाला त्या काळी औषध नव्हते. त्याचे जंतू रॉबर्ट कॉखने दाखवले ते १८८२ मध्ये. त्यावर खरे औषध यायला आणखी साठ वर्षे लागायची होती. रोग्याला मोकळ्या हवेत पाठवणे एवढेच वैद्यांच्या हाती असे. डॉ. एडवर्ड ट्रूडो हा स्वतः क्षयाने ग्रासलेला तरुण १८७३ मध्ये याच अरण्यात शेवटचे दिवस काढायला आला होता. तो सावरला आणि १९१५ पर्यंत जगला. सीअर्सचा ओढा अरण्याकडे होताच, पण वाटाड्याला द्यायला पैसे नव्हते आणि जड होडी उचलायला अंगात बळ नव्हते. दोन्हींवर त्याने एकच उपाय शोधला: ओझे कमी करायचे.

कँटन गावी जे. हेन्री रश्टन नावाचा नावाजलेला होडी बांधणारा कारागीर होता. त्याच्याकडून सीअर्सने १८८० मध्ये सुमारे अठरा पौंडांची होडी करून घेतली. १८८१ मध्ये सोळा पौंडांची. तरी समाधान होईना. शेवटी १८८३ मध्ये रश्टनने पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्यांची, नऊ फूट लांब आणि सव्वीस इंच रुंद अशी होडी बांधली. वजन भरले अवघे साडेदहा पौंड! महिना-दीड महिन्याच्या मुलाला काखेत घ्यावे तितकेच. डिकन्सच्या एका कादंबरीत सेअरी गँप नावाची पेयपानाची शौकीन सुईण आहे. तिला तिच्या पेल्यात पाणी चालत नसे. ही होडीही पाणी आत घेत नाही म्हणून तिचे नाव ठेवले सेअरी गँप.

त्या उन्हाळ्यात एकसष्ट वर्षांचा हा रोगी फुल्टन सरोवरांच्या मालिकेतून निघाला, रॅकेट सरोवर ओलांडून उत्तरेला पॉल स्मिथच्या प्रसिद्ध हॉटेलापर्यंत गेला आणि परत आला. एकूण २६६ मैल, वाटाड्यावाचून. होडीच्या तळाशी बसायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने पाणी कापायचे. कॅरी आली की होडी उचलून चालू लागायचे. कपडे, पांघरूण, कुऱ्हाड, गळाची काठी, दोन दिवसांचा शिधा आणि स्वतः होडी धरून आपले ओझे सव्वीस पौंडांवर कधी गेले नाही, असे त्याने १८८४ च्या 'वुडक्राफ्ट' या पुस्तकात नमूद केले आहे.

शिधा दोन दिवसांचाच, कारण उरलेले जेवण पाण्यात पोहत असे. ट्राउट मासा मक्याच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळायची रीत त्याने चवीने सांगितली आहे. चावऱ्या माश्यांवरचा त्याचा लेपही गमतीचा: पाइनचे डांबर तीन भाग, एरंडेल दोन भाग आणि पेनिरॉयल या पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतीचे तेल एक भाग, मंद आचेवर एकजीव करायचे. एकदा लावल्यावर तो धुवायचा नाही, असा त्याचा दंडक होता. माश्या तर जवळ येत नसतच; माणसे किती येत असतील, ते वाचकांनीच ताडावे!

या प्रवासाची पत्रे 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकात छापून आली आणि बेताच्या मिळकतीच्या वाचकांना कळले, की अरण्यात आपल्यालाही जाता येते. त्याच सुमारास ते अरण्यही वाचवणे भाग झाले होते. लाकूडतोडे झाडे पाडत होते, आणि बंधाऱ्यांनी तुंबलेल्या पाण्यात काठचे वृक्ष उभ्या उभ्या मरत होते. १८८५ मध्ये राज्याने कायद्याने तेथील सरकारी जंगल राखीव केले, आणि १८९४ मध्ये ते सदैव वन्यच राहावे असे कलम राज्यघटनेत घातले. ते कलम आजही लागू आहे.

सीअर्स १८९० मध्ये वारला. क्षयाने त्याला सोडले नाही. पण मधल्या उन्हाळ्यांत तो खाटेवर पडून राहिला नाही, एवढे त्याने साधले. त्याची सेअरी गँप त्याच प्रदेशातील ब्लू माउंटन लेक येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. दुबळ्या माणसाला दूर जायचे असेल, तर बळ कोठून आणावे यापेक्षा काय मागे ठेवावे हे त्याने आधी ठरवावे, हा त्या चांभाराचा हिशेब होता. २६६ मैलांच्या पाण्यावर तो खरा उतरला.