कान कोवळा आहे तोवर



बाळ झालं की घरातल्या बाया आधी त्याची बोटं मोजतात, मग नाक-कान बघतात. कानाची कड दुमडलेली दिसली की कुणीतरी म्हणतंच, "हिनं ग्रहण पाळलं नसेल." ग्रहणाचा आणि कानाचा काही संबंध नाही. या कानांचा खरा इतिहास आज ऐकू या.

फार वर्षं डॉक्टरांकडे एकच मोठा उपाय होता, शस्त्रक्रिया. न्यूयॉर्कच्या डॉ. एडवर्ड एली यांनी १८८१ साली एका मुलाचे बाहेर आलेले कान शस्त्रक्रियेनं मागे बसवल्याची नोंद आहे. पुढं शंभर वर्षं बहुतेक तीच वाट. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबायचं, चिडवणं सोसायचं, मग कापायचं-शिवायचं.

१९८४ साली जपानचे डॉ. कियोशी मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी गोष्ट मांडली. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत कान नीट आकारात धरून ठेवला, तर तो न कापताच सुधारतो! कारण असं, की आईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोटातल्या बाळाला मिळतं आणि त्यानं कानाची कूर्चा मऊ राहते. जन्मानंतर ते कमी होत जातं आणि सुमारे सहा आठवड्यांत कूर्चा घट्ट होते. म्हणजे आपण जिला दोष देतो, त्या आईनंच बाळाला ही मुदत दिलेली असते.

मग मालिश करताना कान दाबला तर? तेवढ्यानं भागत नाही. साचा काही आठवडे रात्रंदिवस लावून ठेवावा लागतो. घरी चिकटपट्टी मात्र लावू नका, नाजूक कातडी सोलते. काही कान आठवडाभरात आपोआप उलगडतात, ते डॉक्टर बघून सांगतील. कानाचा भागच नसेल तर साच्याचा उपयोग नाही. अशा बाळाला ऐकू येतं का, ते लवकर तपासून घ्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. मुदतही साधारण तेवढीच आहे. तेव्हा "मोठं झाल्यावर बघू" म्हणू नका. तिसऱ्या दिवशीच आशाताईंना बाळाचे दोन्ही कान दाखवा आणि डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते विचारा. आणि शेजारच्या बाळंतिणीला कुणी ग्रहणाचा बोल लावला, तर हा इतिहास तिथं नक्की सांगा.