परावलंबनाचा अर्थ : इंग्लंडातील कोविडची साथ आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ

२०२० च्या मार्च महिन्यात कोविडची साथ इंग्लंडात पसरू लागली, तेव्हा अतिदक्षता विभागातील खाटा अपुऱ्या पडतील अशी भीती निर्माण झाली. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २० मार्च रोजी एक सूचनापत्र काढले. रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढाची जर्जरता नऊ पायऱ्यांच्या श्रेणीवर मोजावी, आणि पाचव्या पायरीपासून पुढे अतिदक्षता उपचार योग्य ठरतील काय याचा विचार करावा, असा त्याचा आशय होता.

ही श्रेणी मुळात कॅनडातील डलहौसी विद्यापीठात वृद्धांच्या अभ्यासातून निर्माण झाली व २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात परावलंबन हे ओसरत्या शक्तीचे गमक आहे. काल स्वतः स्नान करणारा वृद्ध आज दुसऱ्याच्या आधाराने करू लागला, तर त्याची प्रकृती ढासळत आहे हे अनुमान रास्तच होय. परंतु तिशीतील एखादी धडधाकट व्यक्ती बालपणापासूनच स्नानाला व जेवणाला मदत घेत आली असेल, तर तिच्या परावलंबनावरून कोणता ऱ्हास सिद्ध होतो? तरीही श्रेणीच्या शब्दांप्रमाणे तिची जागा सातव्या पायरीवर, म्हणजे मरणासन्न रुग्णापासून दोनच पायऱ्या अलीकडे, ठरत होती. शब्द तोच राहिला. तो ज्याचे गमक होता ती वस्तू मात्र तेथे नव्हती.

अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेताच २५ मार्च रोजी सूचनापत्रात दुरुस्ती झाली. पासष्ट वर्षांखालील रुग्णांना, तसेच बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांसारखी स्थिर व दीर्घकालीन अवस्था असलेल्यांना ही श्रेणी लावू नये, असे तीत स्पष्ट करण्यात आले. दुरुस्ती पाचच दिवसांत झाली, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. तथापि चूक केवळ घाईची होती असे म्हणता येत नाही. हृदयक्रिया थांबल्यास ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, अशा आदेशांत कारण म्हणून केवळ ‘डाउन सिंड्रोम’ अथवा ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असे लिहिल्याची उदाहरणे साथीपूर्वीच्या मृत्यू-परीक्षणांतही आढळली होती. (आपल्याकडे ‘अध्ययन अक्षमता’ म्हणजे वाचन-लेखनातील अडचण, इंग्लंडात हीच इंग्रजी संज्ञा बौद्धिक अक्षमतेला लावतात.)

नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने आकडे प्रसिद्ध केले. २१ मार्च ते ५ जून या काळात अशा दर लाख व्यक्तींमागे ४५१ मृत्यूंची नोंद झाली होती. वय व लिंग यांतील फरक जमेस धरता हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या ४.१ पट होते. नोंदीतून सुटलेले मृत्यू हिशेबात घेतल्यास ते ६९२ पर्यंत, म्हणजे ६.३ पट, असावे असा अंदाज होता. अठरा ते चौतीस या वयोगटात तर ते तीस पट होते. या मृत्यूंचे खापर एका श्रेणीवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. लठ्ठपणा, मधुमेह, निवासी संस्थांतील निकट सहवास, आणि आपल्याला काय होत आहे हे सांगता न येणे, ही कारणेही तितकीच खरी आहेत.

लसीकरणात शब्दाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. अग्रक्रमाच्या सहाव्या गटात ‘तीव्र’ अक्षमता असलेलेच होते. पण तीव्र कोणाला म्हणावे याची नोंद अनेक डॉक्टरांच्या दप्तरी नव्हती. अखेर २४ फेब्रुवारी २०२१ रोजी हे विशेषण बाजूला ठेवण्यात आले, आणि डॉक्टरांच्या नोंदवहीत बौद्धिक अक्षमता असलेली म्हणून नाव असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला लसीसाठी बोलावण्याचा सल्ला देण्यात आला. त्यामुळे किमान दीड लाख लोकांना लवकर लस मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.