डेव्हिसच्या अवस्था, हॉर्टनचे ओढे

विद्यापीठीय प्राकृतिक भूगोलाला पहिला मोठा सिद्धांत दिला तो हार्वर्डच्या विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी. १८९९ साली त्यांनी 'भौगोलिक चक्र' मांडले: भूमी वर उचलली जाते, नद्या तिला झिजवतात, युवा, प्रौढ आणि वृद्ध अवस्था ओलांडून ती जवळजवळ सपाट होते. फळ्यावर तीन आकृत्यांत मावणारी ही कल्पना जगभरच्या वर्गांत पोचली. मात्र झीज किती वेगाने होते, हे मोजण्याचे काम तिने विद्यार्थ्याला दिले नाही.

जर्मन अभ्यासक वाल्थर पेंक यांचा आक्षेप होता, की भूमी उचलली जात असतानाच झिजतही असते. त्यांचे पुस्तक १९२४ मध्ये, मृत्यूनंतर आले. पुढे १९४५ मध्ये रॉबर्ट हॉर्टन या जलशास्त्रज्ञ अभियंत्याने ओढ्यांना श्रेणी दिली आणि प्रत्येक श्रेणीतल्या ओढ्यांच्या संख्येत नियमित गुणोत्तर दाखवले. कोलंबिया विद्यापीठाच्या आर्थर स्ट्रॅलर यांनी १९५२ मध्ये ही पद्धत सोपी केली.

आपल्याकडचा पदवीचा विद्यार्थी आजही लेखी परीक्षेत डेव्हिसच्या अवस्था लिहितो आणि प्रात्यक्षिकात टोपोशीटवरच्या ओढ्यांना स्ट्रॅलरच्या श्रेणी देतो. गुण दोन्हींना मिळतात. पण वर्णनाकडून मोजमापाकडे विषय का वळला, हे या दोन वह्यांच्या मध्ये कुठेतरी राहून जाते. तेवढा इतिहास शिकवला, तर समोरची नदी कोणत्या अवस्थेत आहे एवढेच न विचारता, ते कशावरून ठरवायचे हेही विद्यार्थी विचारू लागेल.