वाद्यानुकरणाकडून शब्दाकडे : मिल्स बंधूंची वाटचाल

मानवी कंठ वाद्याचे काम करू लागला म्हणजे भाषेचे काय होते, हा प्रश्न ध्वनिविचाराच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा आहे. अमेरिकेतील मिल्स बंधूंच्या कारकीर्दीत त्याचे एक उत्तर सापडते.

जॉन, हर्बर्ट, हॅरी व डोनाल्ड हे चौघे कृष्णवर्णीय बंधू १९१० ते १९१५ या काळात ओहायो राज्यातील पिक्वा या गावी जन्मले. त्यांच्या वडिलांचे केशकर्तनालय होते व ते स्वतः चौघांच्या मेळात गात असत. गावातील एका स्पर्धेच्या वेळी हॅरी आपले काझू हे वाद्य घरी विसरला; तेव्हा त्याने तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून ट्रम्पेटचा आवाज काढला, असे सांगतात. पुढे जॉनने ट्यूबा, हर्बर्टने दुसरे ट्रम्पेट आणि डोनाल्डने ट्रोम्बोन अशी वाटणी झाली. खरे वाद्य एकच, ते म्हणजे जॉनची गिटार.

सिनसिनाटीच्या नभोवाणीवरून ते न्यूयॉर्कला गेले. १९३१ मध्ये निघालेल्या ‘टायगर रॅग’च्या ध्वनिमुद्रिकेने त्यांची कीर्ती देशभर पसरली. गिटारखेरीज अन्य वाद्य वा यांत्रिक साधन वापरलेले नाही, असा खुलासा त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर छापावा लागे, ही गोष्ट बोलकी आहे. श्रोत्याला गायक दिसत नव्हते. म्हणूनच त्याला शंका येत होती, आणि त्या शंकेतच त्याचा निम्मा आनंद होता.

येथे तबल्याच्या बोलांशी तुलना उद्बोधक ठरेल. ‘धा’, ‘तिन’ हे बोल म्हणजे आघातांची संकेतबद्ध नावे होत. ते तबल्यासारखेच ऐकू आले पाहिजेत असे नाही. मिल्स बंधूंच्या ध्वनींना असा संकेत नव्हता. त्यांना नादगुणच साधावयाचा होता. ट्रम्पेटवादक स्वराचा आरंभ जिभेच्या टोकाने, ‘त’ किंवा ‘द’ उच्चारावा तसा करतो. म्हणजे अनुकरणास आधार मुखातच होता. ओंजळीने त्यास आणखी एक पोकळी जोडली.

१९३४ साली त्यांनी इंग्लंडमध्ये राजे पंचम जॉर्ज यांच्यापुढे गायन केले. त्याच देशात जॉन आजारी पडला आणि १९३६ च्या आरंभी निवर्तला. त्याच्या जागी वडील खर्जात गाऊ लागले. गिटारीसाठी मात्र बाहेरचा वादक आणावा लागला. एका माणसाने सांभाळलेली दोन कामे भरून काढण्यास दोन माणसे लागली.

यानंतर वाद्यानुकरण हळूहळू मागे पडले व शब्द पुढे आला. १९४२ मध्ये मुद्रित झालेले ‘पेपर डॉल’ हे गीत १९४३ च्या अखेरीस लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोचले. १९५२ चे ‘ग्लो-वर्म’ तर त्यांनी खऱ्या वाद्यवृंदाच्या साथीने गायिले. ज्यांनी मुखाने वाद्यवृंद उभा केला, त्यांच्या पाठीशी आता वाद्यवृंदच उभा राहिला.

हा ऱ्हास मानावा काय? तसे वाटत नाही. चार मुखांनी एकाच क्षणी आघात करावा आणि एकच स्वर सारख्या आकाराने उच्चारावा, ही शिस्त अनुकरणातून अंगी बाणली होती. पुढे तिचा लाभ शब्दाला झाला. १९८२ मध्ये हॅरी, १९८९ मध्ये हर्बर्ट आणि १९९९ मध्ये डोनाल्ड निवर्तले. त्यांची पुढील काळातील गीते लक्षपूर्वक ऐकल्यास असे दिसून येते की, वाद्याचे सोंग उतरले, तरी त्या सोंगाने घडविलेला उच्चार अखेरपर्यंत टिकला.