खाकीचा खरा रंग कोणता?

जुन्या लष्करी गणवेशांच्या संग्राहकांत आणि लढायांचे प्रयोग करणाऱ्या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो: १८५७ची खाकी नेमक्या कोणत्या छटेची? विक्रेता डगला पुढे करून छातीठोकपणे सांगतो, हीच अस्सल छटा. तिथेच सावध व्हा.

खाक म्हणजे धूळ. १८४६ साली हॅरी लम्सडेनने पेशावरला गाइड्स पलटण उभारली. तिच्या मळकट कपड्यांपासून ही खाकी सुरू झाली असे मानतात. इतरत्र लाल डगला होता. साध्या शिपायाचा मंजिष्ठाने रंगवलेला, अधिकाऱ्याचा कोचिनील किड्यांनी. (आमचे कॉकस कॅक्टाय हे औषध याच किड्याचे. जैन घरातल्या डॉक्टरला हा तपशील विसरता येत नाही.)

बंडाच्या उन्हाळ्यात जाड लोकर जीवघेणी ठरली. ७ मे १८५८ रोजी कूंचच्या लढाईत खुद्द सेनापती ह्यू रोज उन्हाने एकाहून अधिक वेळा कोसळला. गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे सुती कपडे मिळेल त्यात बुडवले: चहा, कॉफी, शाई, चिखल. कुठे ते करडे झाले, कुठे तांबूस, कुठे निळसर. धुतले की फिके. पक्का खाकी रंग आला तो १८८४ साली, लँकेशायरच्या गॅटीने पेटंट घेतल्यावर. सगळी फौज एका रंगात दिसू लागली ती त्यानंतर.

आता गंमत अशी, की आजचा नकल्याही नवे कापड चहातच बुडवतो! तेव्हा नुसत्या रंगावरून निदान करू नका. खिशाच्या झडपेखाली बघा, दुमडीच्या आत बघा. वापरलेल्या डगल्यात झाकलेला भाग गडद राहतो, कॉलर आणि काख घामाने विटते. चहात बुडवलेला आतबाहेर सारखाच. नोटा तपासायचा जांभळा दिवाही धरावा. आधुनिक कापड, दोरा बहुधा निळसर चमकतो. मात्र जुना डगला कुणी हल्लीच्या पावडरीत धुतला असेल, तर तोही चमकेल.

प्रयोग करणाऱ्यांनी एकाच ताग्यातून वीस डगले शिवून १८५७ उभे करू नये. वीस जणांच्या वीस छटा हव्यात. आणि महू, बेळगाव, सिकंदराबादसारख्या छावणीच्या गावांत कुणाच्या ट्रंकेत असा विटका, निळसर डगला निघाला, तर कृपा करून तो 'चुकीचा' म्हणून पुन्हा रंगवू नका. धुऊसुद्धा नका.