कालव्यावर गळ टाकायला जाताय? काठी उचलण्याआधी आवर्तन विचारा

बांबूची काठी, दहा-बारा फूट तंगूस, एक गळ, बुचाचा तुकडा आणि घरातल्या कणकेचा गोळा. एवढ्या सामानावर गावाकडच्या अनेक पिढ्यांनी कालव्यावर मासे धरले आहेत. आता रील्स बघून शहरातली पोरंही रविवारी काठी घेऊन निघतात. दिवसभर बसतात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येतात. मग दोष आमिषाला नाही तर नशिबाला दिला जातो.

खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. नदी किंवा तळं बघून शिकलेली मासेमारी कालव्यावर जशीच्या तशी चालत नाही, कारण आपल्याकडच्या कालव्यातलं पाणी वेळापत्रकावर चालतं. त्या वेळापत्रकाला आवर्तन म्हणतात. मासा कुठे सापडेल हे त्यावर ठरतं. तुम्ही सुखरूप घरी याल की नाही, हेही त्यावरच ठरतं.

कालव्यात मासे येतात कुठून?

उदाहरण म्हणून नीरा डावा कालवा घेऊ. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात पाटबंधाऱ्याची जी कामं हाती घेतली, त्यातलं हे एक. पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांमधून तो जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो.

अशा कालव्यात कुणी मुद्दाम मासे सोडत नाही. धरणात कटला, रोहू, मृगळ यांचं मत्स्यबीज सोडलेलं असतं. दरवाजे उघडले की पाण्याबरोबर पिल्लं खाली येतात. कालवा मातीचा असेल, कडेला गवत आणि तळाला गाळ असेल, तर ती तिथे वाढतात. याशिवाय चिलापी असतेच. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. 1952 मध्ये तो भारतात आणला गेला आणि नंतर जवळपास प्रत्येक पाण्यात पसरला. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जास्त जगतात. नवख्याच्या गळाला पहिला मासा लागतो तो बहुतेक वेळा हाच. जोडीला सायप्रिनस, शिंगाडा आणि गवताच्या आडोशाला मरळ.

सिमेंटचं अस्तर केलेल्या कालव्यात मात्र गाळ नाही, गवत नाही, किडे नाहीत. तिथे माशाला खायलाही नाही आणि लपायलाही नाही. त्यामुळे जागा निवडताना मातीचा काठ बघा.

आवर्तन म्हणजे काय आणि त्याचा गळाशी काय संबंध?

पाटबंधारे खात्याच्या हिशोबात वर्षाचे तीन हंगाम असतात. 1 जुलै ते 14 ऑक्टोबर खरीप, 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी आणि 1 मार्च ते 30 जून उन्हाळी. कोणत्या हंगामात किती वेळा पाणी सोडायचं हे धरणातला साठा बघून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. पाणी सोडणं, चालणं आणि बंद होणं ही एक फेरी म्हणजे एक आवर्तन.

गळ टाकणाऱ्यासाठी याचे तीन भाग पडतात.

कालवा पूर्ण भरून वाहतोय: तरंगा क्षणात वाहून जातो, आमिष तळाला टिकत नाही, मासा कडेच्या गवतात दबून बसतो. घरी बसलेलं बरं.

पाणी नुकतंच बंद झालंय: हाच खरा मोका. धार मंदावते, गढूळपणा खाली बसतो आणि मासे उरलेल्या खोल पाण्याकडे सरकतात. पुलाखाली, मोरीच्या तोंडाशी, कालवा पायरीसारखा खाली उतरतो तिथल्या डोहात ते जमतात.

बंद होऊन बरेच दिवस झालेत: डोह आटत जातात. मासे असतात, पण पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. पहाटे मासे वर तोंड काढून हापसताना दिसले तर तेच कारण. रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. असा मासा आमिषाला तोंड लावत नाही. ऊन वर आल्यावर प्रयत्न करा.

हे सगळं कळायला ॲप लागत नाही. गावातल्या पाटकऱ्याला किंवा कालव्याकडेच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ‘दादा, पाणी कधी बंद झालं आणि परत कधी सुटणार?’ ज्याच्या उसाला पाणी पाहिजे त्याला तारीख पाठ असते.

सामान: जेवढं साधं तेवढं बरं

काठी दहा ते बारा फुटांची, शेंड्याला लवचीक. तंगूस काठीच्या लांबीएवढाच बांधा, म्हणजे रीळ लागत नाही आणि मासा थेट हातात येतो. गळ लहान घ्या. गळाच्या आकड्यांचा हिशोब उलटा असतो, आकडा मोठा तितका गळ लहान. चिलापी आणि छोट्या रोहूसाठी 8 ते 12 नंबर पुरतो.

तरंग्यासाठी बाटलीचं बूच, जुन्या चपलेच्या सोलचा तुकडा किंवा ज्वारीच्या वाळक्या ताटाचा चार बोटं तुकडा चालतो. ताटाचा तुकडा तासाभराने भिजून जड होतो, म्हणून दोन-तीन जवळ ठेवा. गळाच्या वर साधारण अर्ध्या फुटावर शिशाची बारीक गोळी दाबून बसवा.

लोक इथेच चुकतात. तरंगा मोठा आणि शिसं कमी असेल तर तो पाण्यावर ऐटीत उभा राहतो, दिसतो छान, पण ओढायला जड जातो. माशाने आमिष तोंडात घेतलं की त्याला तो जोर जाणवतो आणि तो आमिष थुंकून टाकतो. म्हणून शिसं थोडं थोडं वाढवत जा. तरंग्याचं फक्त टोक पाण्यावर दिसायला हवं. मग माशाने नुसतं चाखलं तरी टोक हलतं.

आमिष: कणीक, पाव आणि गांडूळ

महागड्या पुड्या विकत घ्यायची गरज नाही.

कणीक: गव्हाचं पीठ घट्ट मळा, चपातीपेक्षा घट्ट. चिमूटभर हिंग किंवा थोडा गूळ घाला. रोहू आणि सायप्रिनस वासावर येतात. पाण्यात लवकर विरघळत असेल तर मळताना कापसाचे दोन-चार धागे घाला. गोळी हरभऱ्याएवढी असावी.

पाव: ताज्या पावाचा मऊ भाग चिमटीत दाबून गळावर बसवा. हळूहळू फुलत खाली जातो. वरच्या थरात फिरणाऱ्या माशांना चांगला.

गांडूळ: गोठ्यामागच्या शेणखतात सापडतं. चिलापी, शिंगाडा, मरळ सगळेच घेतात. आखं गांडूळ लोंबकळत ठेवलं तर मासा शेपटीकडून खाऊन पसार होतो. तुकडा पुरेसा आहे.

बसण्याआधी भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचे लिंबाएवढे दोन गोळे त्याच जागी टाका. यालाच चारा टाकणं म्हणतात. दोनच टाका. पोट भरलेला मासा गळाकडे कशाला येईल?

खोली मोजल्याशिवाय गळ टाकू नका

गळाला एखादं जड शिसं किंवा नट अडकवून पाण्यात सोडा. तरंगा बुडाला तर खोली जास्त आहे, तरंगा वर सरकवा. तरंगा आडवा पडला तर दोरी जास्त झाली, खाली सरकवा. टोक जेमतेम वर राहिलं की खोली बरोबर. मग वजन काढा आणि आमिष तळाला टेकेल असं ठेवा. कालव्याचा काठ उतरता असतो, त्यामुळे दोन फूट पुढे गेलं की खोली बदलते. गळ दरवेळी एकाच ठिकाणी पडला पाहिजे.

तरंगा काय सांगतो?

- सारखा थरथरतोय: बारीक मासे आमिष टोचतायत. थांबा.
- हळूच बाजूला सरकतोय: मासा आमिष घेऊन चाललाय. झटका द्या.
- एकदम बुडाला: विचार करत बसू नका, काठी उचला.
- वर येऊन आडवा पडला: अनेकांना वाटतं काहीच झालं नाही. खरं तर माशाने तळावरून आमिष उचललं, त्याबरोबर शिसंही उचललं गेलं आणि तरंगा मोकळा झाला. हीच झटक्याची वेळ.

झटका म्हणजे फक्त मनगटाची उचल. काठी डोक्यावरून मागे फेकली तर माशाचा ओठ फाटतो किंवा गळ मागच्या बाभळीत अडकतो.

हिवाळ्यात पाणी गार असतं, मासा सुस्त असतो. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ चांगली. उन्हाळ्यात दुपारी सावलीत बसा, पुलाची सावली मिळाली तर उत्तम. मासाही तिथेच असतो.

जीवावर बेतू शकतं ते इथे

कालवा शांत दिसतो, म्हणून तो नदीपेक्षा फसवा आहे. वर पाणी सोडलं तर ते काही तासांत किंवा दिवसांत तुमच्यापर्यंत येतं आणि तिथे कुणी भोंगा वाजवायला नसतो. कोरड्या तळात उतरून डोहाकाठी बसू नका. पाण्यात काडीकचरा वाहत येऊ लागला, काठावरची ओली रेघ वर सरकली, तर सामान गोळा न करता आधी वर या.

अस्तर केलेल्या कालव्याचा उतार शेवाळाने घसरडा होतो. पट्टीचा पोहणाराही तिथून बाहेर पडू शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. कुणी पडलं तर मागे उडी मारू नका. दोर, काठी, साडी, जे लांब असेल ते फेका आणि 112 ला फोन करा. सोबत दहा मीटर दोर ठेवा. गळ टाकायला एकटं जाऊ नका आणि लहान मुलं बरोबर असतील तर अस्तराच्या काठावर बसूच नका.

आणखी एक गोष्ट. कालव्याकाठी शेतीपंपांच्या वायरी लोळत असतात, वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. ओला बांबू आणि कार्बनची काठी, दोन्हींतून करंट येतो. उचलायच्या आधी वर बघा.

पकडा, पण सगळे नाही

आटलेल्या डोहात मासे अडकले की काही जण विषारी औषध टाकतात किंवा सुरुंगाची दारू उडवतात. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून हा गुन्हा आहे. पंपाचा करंट पाण्यात सोडणं तर माणसांच्याही जीवावर उठतं. त्याच डोहावर गुरंही पाणी पितात.

धरणं आणि तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. कालव्याचा काठ पाटबंधारे खात्याचा असतो. म्हणून जवळच्या शाखा कार्यालयात किंवा स्थानिक मच्छीमारांना विचारूनच बसा. कुणाच्या पोटावरचा मासा आपल्या छंदासाठी नको.

पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांच्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. पोट फुगलेली मादी लागली तर हात ओला करून गळ काढा आणि सोडून द्या. शहरातून, सांडपाण्याजवळून जाणाऱ्या कालव्यातला मासा खाऊ नका. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. बगळे, खंड्या त्यात अडकतात आणि सुटत नाहीत.

संध्याकाळी पिशवीत दोन चिलापी असल्या तरी दिवस वाया गेला नाही. कालवणाला तेवढ्या पुरतात. निघताना पाटकरी भेटला तर पुढचं आवर्तन कधी ते विचारून ठेवा. पुढच्या रविवारी जायचं की नाही, हे तेव्हाच कळेल.